प्लग बदलला की गाडी पळेल का?

मागच्या अंकात ओघात एक वाक्य लिहिलं होतं : कुठलंही पेट्रोल इंजिन माझ्याकडे दुरुस्तीला आलं की तक्रार ऐकून झाल्यावर माझा पहिला हात स्पार्क प्लगकडे जातो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं प्लगवरच. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींनी नाव छापू नका असं कळवलं होतं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

काका, माझी दीडशे सीसीची मोटारसायकल आहे. मित्र म्हणतात इरिडियम प्लग टाक, पिकअप वाढतो आणि टॉप स्पीडही. दोघांनी टाकलाय आणि दोघंही शपथेवर सांगतात. टाकू का?

टाक, हरकत काहीच नाही. पण पिकअपसाठी टाकू नकोस.

ताकद पेट्रोलमध्ये असते. ते नेमक्या क्षणी पेटवून देणं एवढंच प्लगचं काम. मिश्रण एकदा व्यवस्थित पेटलं की ठिणगी दुप्पट जोरदार होती म्हणून पिस्टनवर दुप्पट जोर येत नाही. चांगला प्लग इंजिनाला नवी ताकद देत नाही. वाईट प्लग मात्र असलेली ताकद वाया घालवतो. प्लगच्या जाहिराती या दोन गोष्टींची बेमालूम सरमिसळ करतात.

मग तुझे मित्र खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांना एवढंच विचार की काढलेला प्लग कसा होता आणि किती चालला होता. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘घेतल्यापासून तोच होता.’ म्हणजे त्यांनी झिजलेल्या निकेलची तुलना नव्या कोऱ्या इरिडियमशी केली. त्या जागी नवा निकेल बसवला असता तरी गाडी तेवढीच मोकळी पळाली असती.

झिजतं म्हणजे काय होतं ते सांगतो. फोर-स्ट्रोक इंजिन सहा हजार आरपीएमवर फिरत असेल तर एका सिलिंडरला मिनिटाला तीन हजार, म्हणजे सेकंदाला पन्नास ठिणग्या लागतात. बऱ्याच मोटारसायकलींत तर प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, एक कामाची आणि एक एग्झॉस्टच्या वेळची फुकट. प्रत्येक ठिणगी धातूचा कणभर अंश घेऊन जाते. ठिणगीला धारदार कडा आवडते, आणि नेमकी तीच आधी गोल होते. गॅप, म्हणजे ज्या दोन धातूच्या टोकांमध्ये (इलेक्ट्रोडमध्ये) ठिणगी उडते त्यांच्यातलं अंतर, वाढत जातो. त्याच गॅपमधून उडी मारायला आता जास्त व्होल्टेज लागतं. हे व्होल्टेज पुरवणारी कॉइल काही दिवस निभावून नेते आणि मग चढावर, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये थ्रॉटल उघडलं की गाडी मिसिंग मारायला, म्हणजे मधूनच ठिणगी चुकून अडखळायला लागते. हे इतकं सावकाश होतं की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. नवा प्लग लागला की एकदम कळतं.

आता इरिडियमचं खरं श्रेय. निकेल साधारण १,४५५ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १,७६८ ला, तर इरिडियम २,४४६ च्या आसपास. त्यामुळे निकेलच्या प्लगमध्ये मधला इलेक्ट्रोड अडीच मिलिमीटर जाड ठेवावा लागतो, तिथे इरिडियमचा ०.४ ते ०.६ मिलिमीटर ठेवला तरी तो टिकतो. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि नुकत्याच पेटलेल्या ज्वाळेची उष्णता चोरायला तिथे धातूही कमी असतो. फायदा दिसतो तो थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होण्यात, आयडलिंग स्थिर राहण्यात आणि प्लग पुष्कळ जास्त काळ ‘नव्यासारखा’ वागण्यात. टॉप स्पीडमध्ये नाही. आणि दुकानात ‘कॉपर प्लग’ म्हणून देतात त्यात तांबं आत, गाभ्यात असतं, उष्णता वाहून न्यायला. ठिणगीचं टोक निकेलच्या मिश्रधातूचंच असतं.

तेव्हा असं कर. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या नंबरचा साधा नवा प्लग टाक, एअर फिल्टर बघ आणि थोडे दिवस चालव. तरीही पिकअप मेल्यासारखा वाटला तर दोष प्लगपलीकडे आहे : क्लच, व्हॉल्व्ह क्लिअरन्स, कॉम्प्रेशन. ते सगळं ठीक असेल आणि वारंवार प्लग बदलायचा कंटाळा येत असेल, तर इरिडियम जरूर घे. फक्त हीट रेंज (प्लग किती गरम किंवा थंड, ते पुढच्या उत्तरात सांगतो), आट्यांचा व्यास आणि लांबी मूळचीच हवी.

माझ्या गाडीत एनजीकेचा ‘६’ नंबरचा प्लग होता. दुकानात तो नव्हता म्हणून बॉशचा ‘७’ दिला आणि ‘हाच लागतो’ म्हणाले. मला वाटलं, नंबर वाढला म्हणजे थंड प्लग झाला. मी फसलो का?

नाही, दुकानदार बहुधा बरोबर होता. गोंधळ नंबरांचा आहे आणि तो फार जुना आहे.

एनजीके आणि डेन्सो यांच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे बरोबर उलटं, आकडा मोठा तितका प्लग गरम. वर प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. एनजीकेचा बीपीआर-६-ईएस, बॉशचा डब्ल्यूआर-७-डीसी, डेन्सोचा डब्ल्यू-२०-ईपीआर-यू आणि चॅम्पियनचा आरएन-९-वायसी हे चारही एकाच जागी बसणारे, जवळपास एकाच हीट रेंजचे प्लग आहेत. सहा, सात, वीस, नऊ! म्हणून एका कंपनीच्या आकड्यावरून दुसऱ्या कंपनीचा प्लग कधीही निवडू नका. कंपन्यांचे जुळणीचे तक्ते असतात. त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष शोधा.

गरम-थंडचा अर्थही बरेच जण चुकीचा घेतात. गरम प्लगने इंजिन गरम होत नाही आणि ठिणगीही जास्त गरम पडत नाही. प्रश्न एवढाच की प्लगचं टोक स्वतःची उष्णता किती लवकर हेडकडे, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या सिलिंडरच्या झाकणाकडे सोडतं. आतलं पांढरं चिनी मातीसारखं दिसणारं नाक (ते ॲल्युमिनाचं असतं) लांब असेल तर उष्णतेला बाहेरच्या धातूच्या कवचापर्यंत पोचायला लांबचा रस्ता, टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो थंड.

टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८०० अंशांमध्ये राहिलं पाहिजे. साडेचारशे-पाचशेच्या खाली राहिलं तर बसलेला कार्बन जळून जात नाही, साठत जातो. साडेआठशे-नऊशेच्या वर गेलं की टोक स्वतःच निखारा होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं. याला प्री-इग्निशन म्हणतात आणि यात पिस्टनला भोक पडलेलं मी पाहिलं आहे. हीट रेंज एका पायरीने बदलली की टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी हलतं. थोडक्यात, मोकळी जागा वाटते तेवढी नसते.

सगळे ‘ट्युनिंग’वाले थंड प्लग टाकतात म्हणून तुम्हीही टाकू नका. त्यांनी कॉम्प्रेशन वाढवलेलं असतं, टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) दाब वाढवलेला असतो, गाडी तासन्‌तास फुल थ्रॉटलवर चालते. ऑफिसला जाऊन येणाऱ्या मूळच्या गाडीत थंड प्लग टाकला तर महिन्याभरात काळा पडेल.

नंबर वाचायला शिकणं मात्र फायद्याचं. बीपीआर-६-ईएस-११ घ्या. ‘बी’ म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे. तिथे ‘डी’ असेल तर १२ आणि ‘सी’ असेल तर १० मिलिमीटर. ‘पी’ म्हणजे नाक कवचाबाहेर डोकावणारं. ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर, साधारण पाच हजार ओहमचा. सहा ही हीट रेंज. ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, ‘एच’ असता तर १२.७. शेवटचा ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर.

यातली लांबी चुकली तर काय होतं तेही ऐका. आखूड प्लग बसवला तर ठिणगी हेडच्या खळग्यात पडते, हेडचे उरलेले आटे उघडे राहून त्यांत कार्बन भरतो आणि पुढे योग्य प्लगही आत जात नाही. लांब प्लग बसवला तर तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला टेकू शकतो. पहिल्याच फेऱ्यात आवाज येतो, आणि तो आवाज विसरता येत नाही. ‘आर’ नसलेला प्लग इंजेक्शनच्या गाडीत टाकला तर ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सेन्सर गोंधळू शकतात. मग महागडा सेन्सर बदलूनही दुखणं जात नाही.

दादा, चार सिलिंडरची कार आहे, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल. प्लग मी स्वतः बदलायचे ठरवले आहेत. घरी सगळे म्हणतात, बाईमाणसाने यात पडू नये. मी पडणार आहे. काय सांभाळू?

पडा, बेधडक पडा. हे काम जोराचं नाही, हाताच्या हळुवारपणाचं आहे. आट्यांची वाट लावलेल्या गाड्या माझ्याकडे येतात त्या बहुतेक जोर असलेल्या माणसांच्या हातच्या असतात.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग सोडवला तर आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. रात्री गाडी लावली की सकाळी काम करा. बॅटरीची ऋण बाजू सोडवा. एका कॉइलचं सगळं उरकून मगच दुसरीला हात लावा. कॉइलचा कनेक्टर कुलूप दाबून सोडवा, ओढून नको, जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं. कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून रबर सुटं करा आणि सरळ वर घ्या.

आता घाई नको. प्लगच्या खोल विहिरीत धूळ, वाळूचे कण, कधी तेल साठलेलं असतं. प्लग सैल करायच्या आधी हवेने ते फुंकून काढा, डोळ्याला चष्मा लावून. हे विसरलात तर तो कचरा थेट सिलिंडरमध्ये जातो. विहिरीत तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं सील गेलंय. प्लगसोबत तेही बदलावं लागेल.

प्लगचा सॉकेट आत रबर किंवा चुंबक असलेला घ्या, म्हणजे प्लग हातातून निसटत नाही. मधेच अडकला तर जोर वाढवू नका. उलट अर्धा फेरा घट्ट करा, भेदक तेलाचे दोन थेंब सोडा, थांबा, मग पुन्हा सैल करा. असं मागे-पुढे करत आणा.

काढलेले चारही प्लग ज्या सिलिंडरचे त्या क्रमाने मांडून ठेवा. आमच्याकडे एका लाकडी फळीला भोकं पाडून त्यांना नंबर घातले आहेत. तीन तपकिरी आणि तिसऱ्या नंबरचा काळा, हे कळलं की अर्धं निदान झालं. चारही एका डब्यात टाकलेत तर ती माहिती गेली.

नव्या प्लगचा गॅप तपासा. ‘आधीच सेट केलेला आहे’ असं खोक्यावर लिहिलेलं असतं आणि बहुधा खरंही असतं, पण खोकं वाटेत किती वेळा आपटलं ते त्यावर लिहिलेलं नसतं. निकेलच्या प्लगला तारेचं गेज वापरून बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड अलगद हलवता येतो. इरिडियमला नाण्यासारखं उतरत्या कडेचं गेज लावू नका. ते मधल्या बारीक टोकावर रेटलं जातं आणि टोक तुटतं. त्याचा गॅप चुकीचा निघाला तर माझा सल्ला बदलून घेण्याचा. आणि हातातून फरशीवर पडलेला प्लग बसवायचा नाही. वरून धडधाकट दिसतो, आत ॲल्युमिनाला केसाएवढी चीर गेलेली असते. आमच्या पोरांना ताकीद आहे : पडला की भंगारात.

बसवताना पहिले चार-पाच फेरे पान्याचा दांडा न लावता, नुसत्या बोटांनी. प्लगच्या वरच्या टोकाला योग्य मापाच्या रबरी नळीचा तुकडा लावून फिरवलंत तर उत्तम, कारण आटे तिरके लागले तर नळी घसरते. पाना मात्र तसाच पुढे रेटत राहतो. बोटांनी पूर्ण खाली बसला की मग घट्ट करायचं. १४ मिलिमीटरच्या, वॉशर असलेल्या प्लगला ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिलिमीटरला १५ ते २०, १० मिलिमीटरला १० ते १२. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो खरा. टॉर्क पाना नसेल तर : नवा वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच प्लग काढून परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा फक्त एक-बारांश फेरा. वॉशरच नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर एक-सोळांश. एवढंसंच? हो, एवढंसंच.

जास्त आवळला तर कवच ताणलं जातं, आतलं सील ढिलं होतं. सैल राहिला तर आणखी वाईट : टोकाची उष्णता आटे आणि बैठकीतूनच हेडकडे जाते, तो रस्ताच तुटतो आणि बरोबर नंबरचा प्लगही भाजून निघतो.

आटे अडकू नयेत म्हणून त्यांना अँटीसीझ ग्रीस लावायचं का, हेही विचारलंय. नव्या प्लगच्या कवचावर आधीच मुलामा असतो. एनजीकेसारखे निर्मातेही नको म्हणतात. ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि पाना तोच आकडा दाखवत असताना प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. कॉइलच्या रबराच्या आतून मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात फिरवा, पुढच्या वेळी रबर चिकटलेलं मिळणार नाही.

झालं की घरच्यांना गाडीतून फिरवून आणा.

प्लग टाकून महिना झाला, काढला तर काळाकुट्ट. दुसऱ्याने पांढरा ढोक निघाल्याचं लिहिलंय, तिसऱ्याने वरच्या पांढऱ्या भागावर तपकिरी कडं दिसतं म्हणून गॅस गळतोय का असं विचारलंय.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याला काही झालेलं नाही. कवचाच्या लगतच बाहेरून तपकिरी कडं पडतं ते उच्च व्होल्टेजच्या क्षेत्रात हवेतले तेलाचे कण ओढले जाऊन चिकटल्यामुळे. याला कोरोनाचा डाग म्हणतात (इथे कोरोना म्हणजे उच्च व्होल्टेजभोवतीची विजेची प्रभा, रोग नव्हे). प्लग निर्दोष आहे. पण त्याच भागावर उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत पडण्याऐवजी बाहेरून उतरते आहे. प्लग आणि त्यावरचं रबर दोन्ही बदला.

काळाकुट्ट म्हणणाऱ्यांनी बोट लावून बघावं. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा टोक पुरेसं तापत नाही. चोक अडकलेला, एअर फिल्टर तुंबलेला, ऑक्सिजन सेन्सर खोटं सांगतोय किंवा चुकून थंड प्लग बसलाय. पण सगळ्यात आधी विचारा की गाडी किती चालते. दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचं इंजिन तापतच नाही, मग प्लग काळा राहणारच. लांबची एक चक्कर मारून पुन्हा पाहा. काजळी वीजवाहक असते हे लक्षात ठेवा. नाकावर तिचा थर बसला की वीज गॅपमधून उडी न मारता त्या थरावरून कवचात पळते.

काळा पण ओला, तेलकट, चकाकणारा असेल तर ते इंजिन ऑइल आहे. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. अशा इंजिनात गरम प्लग टाकून वेळ मारून नेणारे आहेत. तेल खाणारं इंजिन तेल खातच राहतं. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर ठिणगीच पडत नाही किंवा चोक देऊन देऊन इंजिन ओव्हर झालंय.

पांढरा ढोक मात्र मला घाबरवतो. फिकट राखाडी किंवा बदामी-तपकिरी ही निरोगी छटा. पण खडूसारखं पांढरं नाक, त्यावर फोड किंवा वितळलेले मणी, इलेक्ट्रोडच्या कडा खाल्लेल्या, म्हणजे टोक फार तापलंय. कुठून तरी जादा हवा शिरून मिश्रण पातळ झालंय, टायमिंग पुढे गेलंय (ठिणगी लवकर पडतेय), प्लग सैल राहिलाय किंवा जास्त गरम नंबरचा आहे. कारण सापडेपर्यंत ती गाडी ताणू नका.

प्लग हेडला टेकवून किक मारली की छान निळी ठिणगी दिसते. तरी चढावर गाडी मिसिंग मारते. मेकॅनिक म्हणतो प्लग चांगला आहे. मग?

बाहेर दिसणारी ठिणगी फक्त एवढंच सांगते की कॉइल मेलेली नाही.

फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलेला नियम इथे कामाला येतो : वायूतून ठिणगी उडायला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. मोकळ्या हवेत मिलिमीटरभर अंतराला साधारण तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरच्या आत, भरल्या थ्रॉटलवर, ठिणगीच्या क्षणी दाब बाहेरच्या दहापट आणि त्याहूनही जास्त असतो, तेव्हा मागणी पंधरा-वीस हजारांवर जाते. गॅप झिजून रुंद झालेला असेल तर आणखी वर. मोकळ्यावर हसत ठिणगी देणारी कॉइल तिथे हरते, किंवा वीज रबरातून, केबलच्या चिरेतून पळवाट काढते. चढावरच का, याचं उत्तर हेच : चढावर थ्रॉटल जास्त उघडं, दाब जास्त.

तेव्हा आधी गॅप मोजा. मग कॅप आणि केबल अंधारात इंजिन चालू ठेवून पाहा, गळणारी ठिणगी दिसते. हात लावू नका. आणि प्लग बाहेर काढून किक मारायची पद्धत शक्यतो सोडा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी तिथेच असते. कवच हेडला नीट टेकलेलं नसेल तर सीडीआय युनिटही (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतं.

टर्बोचा दाब वाढवून घेतलेल्या एका कारवाल्यांनीही ‘फुल थ्रॉटलवर गाडी अडखळते’ असं लिहिलंय. कारण हेच. तिथे गॅप मुद्दाम थोडा कमी ठेवतात. किती, ते ज्याने ट्युनिंग केलं त्याने सांगायला हवं. गॅस किटच्या गाड्यांचंही तेच, गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून गॅसवर कमजोर प्लग आधी उघडा पडतो.

चार इलेक्ट्रोडवाला प्लग एकाच वेळी चार ठिणग्या देतो का?

नाही. एका वेळी एकच, ज्या बाजूला वाट सोपी त्या बाजूला. ती कडा झिजली की पुढच्या वेळी दुसरी. त्यामुळे आयुष्य वाढतं, ताकद नाही. काही इंजिनांत कारखान्यातूनच असे प्लग येतात, तिथे तेच ठेवा. १९०२ साली बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून प्लग तयार केला; मूळ घडण अजूनही तीच आहे, हे जादूई प्लगची जाहिरात वाचताना आठवावं.

माझ्या डिझेल गाडीत कोणता स्पार्क प्लग चांगला?

कोणताच नाही, डिझेलला स्पार्क प्लग नसतो. तुमच्या मेकॅनिकने ज्याचं बिल लावलंय तो ग्लो प्लग असावा, थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा. बिलावर खरंच ‘स्पार्क प्लग’ लिहिलं असेल तर त्यांना जुना दाखवायला सांगा.

गवत कापायचं टू-स्ट्रोक मशीन आहे. प्लग सारखा काळा होतो. तारेच्या ब्रशने घासून, शेगडीवर तापवून परत लावतो. चालेल?

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच तेल असतं आणि प्रत्येक फेऱ्याला ठिणगी, तेव्हा काळा होणं थोडं स्वाभाविक. पण सारखा म्हणजे तेल जास्त पडतंय का पाहा. मशीनच्या पुस्तिकेत ५० ला १ लिहिलं असताना ‘इंजिनाला चांगलं’ म्हणून लोक २५ ला १ घालतात. एअर फिल्टर आणि सायलेन्सरच्या तोंडाची जाळीही बघा, तिथे कार्बन धरतो.

तारेचा ब्रश नको. तार पांढऱ्या नाकावर धातूची रेघ सोडते आणि विजेला फुकटची वाट मिळते. एका बाजूने ज्योतीवर तापवणंही नको, नाकाला चीर जाते. कार्बोरेटर क्लिनर मारा, मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या. तेही वेळ निभावण्यापुरतं. खिशात नवा प्लग असावा.

प्लग बसवताना आटे गेले. आता प्लग हातानेच फिरतो. हेड बदलावं लागेल का?

बहुधा नाही. जुने आटे मोठ्या मापात नव्याने पाडून त्यांत तारेचं किंवा अखंड धातूचं इन्सर्ट बसवतात, आणि नीट बसलेलं इन्सर्ट मूळच्या मऊ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत निघतं. पण दोन गोष्टी कारागिराला आधी विचारा. हेड न उतरवता करणार असेल तर धातूचा चुरा सिलिंडरमध्ये जाऊ नये म्हणून काय करणार? टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरून चुरा धरतात, पिस्टन आणि व्हॉल्व्ह कुठे आहेत ते बघून घेतात आणि शेवटी हवेने बाहेर काढतात. याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर हेड उतरवायला सांगा. दुसरं, इन्सर्टची लांबी प्लगच्या आट्यांएवढीच हवी. इन्सर्ट आखूड पडलं तर प्लगचे शेवटचे आटे ज्वाळेत उघडे राहतात. तोपर्यंत गाडी सुरू करू नका. सैल प्लग कॉम्प्रेशनने सुटून वर उडाला तर कॉइल घेऊनच जातो.